आधीचा आजार आणि आयुर्विमा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकातील मुदत विम्यावरच्या (टर्म इन्शुरन्सवरच्या) लेखानंतर जी पत्रे आली, त्यांत एक काळजी पुन्हा पुन्हा दिसली. आजार आधीपासून आहे. तो सांगितला तर विमा मिळेल का, आणि न सांगता घेतला तर पुढे घरच्यांचे काय होईल? त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझे वय 41 असून मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. सहा वर्षांपूर्वी मधुमेहाचे निदान झाले. दोन गोळ्या चालू आहेत आणि गेल्या महिन्यात एचबीए1सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 7.2 आले. घरावर 28 लाखांचे कर्ज आहे, पत्नी घर सांभाळते, दोन्ही मुले शाळेत आहेत. मला 50 लाखांचा टर्म इन्शुरन्स घ्यायचा आहे. आमच्या ओळखीचे विमा प्रतिनिधी म्हणतात, “सर, साखर लिहू नका, प्रकरण उगाच अडकेल. एकदा तीन वर्षे निघाली की कायद्याने कोणी काही विचारू शकत नाही.” हे खरे आहे का?

उत्तर : आपल्या प्रतिनिधींनी कायद्याचा अर्धाच भाग सांगितला आहे, आणि जो भाग त्यांनी सांगितला नाही तो नेमका आपल्या पत्नीवर आणि मुलांवर बेतणारा आहे.

विमा अधिनियम, 1938 मधील कलम 45 मध्ये 2015 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेल्या पॉलिसीचे पुनरुज्जीवन किंवा तिला रायडर, म्हणजे जादा संरक्षण, जोडल्याची तारीख, यांपैकी जी सर्वांत नंतरची असेल तिच्यापासून तीन वर्षे पूर्ण झाल्यावर विमा कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. एवढे खरे. मात्र त्या तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला, तर कंपनी प्रस्तावपत्रातील, म्हणजे विम्याच्या अर्जातील, प्रत्येक उत्तर तपासू शकते, आणि महत्त्वाची माहिती दडवल्याचे आढळल्यास दावा नाकारू शकते. दडवण्यामागे फसवणुकीचा हेतू नव्हता असे ठरले, तर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत करण्याची तरतूद आहे. फसवणूक ठरली तर त्या परताव्याचीही हमी नाही. म्हणजे प्रतिनिधींच्या सल्ल्याने वागल्यास आपण तीन वर्षे हप्ते भराल आणि त्या तीन वर्षांत आपल्या घराला प्रत्यक्षात कोणतेही संरक्षण नसेल. कर्ज मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यावर आहे.

मी अनेक वर्षे एका विमा कंपनीच्या दावे विभागात काम केले. पॉलिसी घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला की तो दावा चौकशीला जातो, हे सर्वच कंपन्यांत ठरलेले आहे. घरची माणसे प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येत : पॉलिसीचा बाँड, मृत्यूचा दाखला, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड. त्या कार्डावर सगळ्यांत वर, निवासी डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात, रुग्णाचा पूर्वेतिहास लिहिलेला असे : “डीएम, एचटीएन, 8 वर्षे”, म्हणजे आठ वर्षांपासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब. रुग्णाला दाखल करताना शेजारी उभ्या असलेल्या पत्नीने किंवा मुलानेच ते सांगितलेले असे, कारण आपल्या माणसाचा जीव वाचावा म्हणून डॉक्टरांपासून कोणी काही लपवत नाही. मग प्रस्तावपत्र काढायचे. त्यावर आरोग्याचे सगळे प्रश्न एका खाली एक, आणि प्रत्येकासमोर एकाच हाताने, एकाच पेनाने, एका दमात केलेल्या “नाही” च्या खुणा. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर काय होणार, हे समोर बसलेल्या बाईंना समजावून सांगणे हे माझ्या नोकरीतले सर्वांत अवघड काम होते.

म्हणून आपल्याला माझा सल्ला स्पष्ट आहे : मधुमेह लिहा. निदानाचे वर्ष, गोळ्यांची नावे आणि मात्रा, डॉक्टरांचे नाव आणि ताजे रिपोर्ट यांसह लिहा.

मधुमेह सांगितला म्हणून विमा मिळतच नाही, ही समजूत चुकीची आहे. आपला प्रस्ताव कंपनीच्या ज्या विभागात जोखीम तपासली जाते, ज्याला विमा व्यवसायात सगळेच अंडररायटिंग म्हणतात, तेथे जाईल. मधुमेह कोणत्या प्रकारचा, कोणत्या वयात सुरू झाला, किती वर्षांचा आहे, इन्सुलिन लागते का, साखर सातत्याने आटोक्यात आहे का, मूत्रपिंड, डोळे आणि हृदय यांवर परिणाम झाला आहे का, रक्तदाब आणि वजन किती, तंबाखू आहे का, हे सगळे एकत्र पाहून निर्णय होतो. उपाशीपोटी रक्ततपासणी, एचबीए1सी, लिपिड, क्रिएटिनीन, लघवीतील प्रथिने आणि ईसीजी बहुधा सांगतील. विमा रक्कम आणि वय पाहून ट्रेडमिलची चाचणीही सांगू शकतात. त्यानंतर कंपनी नेहमीच्या दराने होकार देईल, वाढीव हप्ता मागेल, काही महिने थांबायला सांगेल किंवा नकार देईल. चाळिशीच्या आसपासचा, गोळ्यांवर आटोक्यात असलेला, गुंतागुंत नसलेला मधुमेह असलेल्या व्यक्तीला बहुतेक वेळा वाढीव हप्त्यावर विमा मिळतो, असा माझा अनुभव आहे. या वाढीला लोडिंग म्हणतात. समजा नेहमीचा वार्षिक हप्ता 15,000 रुपये आहे आणि कंपनीने 50 टक्के लोडिंग लावले, तर आपल्याला 22,500 रुपये भरावे लागतील. हे 7,500 रुपये जास्तीचे वाटतील. परंतु त्या पैशांत आपला मधुमेह कंपनीने लेखी मान्य केलेला असतो, आणि एकदा मान्य केलेल्या आजाराच्या नावाने तिला पुढे दावा अडवता येत नाही. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के जीएसटी रद्द झाला आहे, त्यामुळे या वाढीचा भार थोडा हलका झाला आहे.

प्रत्येक कंपनीचे निकष वेगळे असतात, म्हणून एकीने जास्त लोडिंग सांगितले तर दुसरीकडे विचारायला हरकत नाही. फक्त दुसरीकडे अर्ज करताना पहिलीने काय सांगितले तेही लिहावे लागते, कारण प्रस्तावपत्रात तसा थेट प्रश्न असतो. आधीच्या सर्व पॉलिसींचीही नोंद करावी. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, विमेदारावर कोणताही आजार दडवल्याचा आरोप नसताना, केवळ दुसऱ्या कंपनीतील चालू पॉलिसी लिहिली नव्हती म्हणून दावा नाकारणे योग्य ठरवले. प्रतिनिधीने भरलेल्या फॉर्मवर न वाचता सही केली, या सबबीने सही करणाऱ्याची जबाबदारी एरवी टळत नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

तंबाखूच्या रकान्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. “धूम्रपान करता का?” एवढाच प्रश्न आहे असे समजून अनेक जण “नाही” लिहितात. प्रश्न कोणत्याही स्वरूपातील तंबाखूचा असतो, आणि त्यात गुटखा, मावा, जेवणानंतरची चिमूटभर तंबाखू आणि दातांना लावायची मिश्रीसुद्धा येते. घरातील आई, आजी मिश्री लावतात आणि ती कोणाला व्यसन वाटत नाही, परंतु लघवीतील कोटिनिनच्या (तंबाखूतील निकोटिनपासून शरीरात तयार होणाऱ्या घटकाच्या) चाचणीत ती दिसते.

आणखी एक गोष्ट. गृहकर्जाच्या वेळी बँकेने आपल्याकडून कर्जाशी जोडलेला विमा घेतला आहे का, ते कागद काढून पाहा. कर्ज मंजूर होताना तीस-चाळीस ठिकाणी सह्या होतात. त्यांतील एक सही अनेकदा “माझे आरोग्य उत्तम असून मला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार नाही” अशा घोषणेखाली झालेली असते आणि ती कोणी वाचलेली नसते. आपल्या बाबतीत तसे झाले असेल, तर बँकेला आणि त्या विमा कंपनीला आजच लेखी कळवा. कंपनी जास्त हप्ता मागेल किंवा विमा रद्द करून पैसे परत देईल. दोन्ही गोष्टी आता झालेल्या बऱ्या.

पॉलिसी हातात आल्यावर सोबतची प्रस्तावपत्राची प्रत उघडून प्रत्येक उत्तर स्वतः वाचा. आपण सांगितलेला मधुमेह तेथे “नाही” झालेला दिसला, तर पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते किंवा दुरुस्तीसाठी लिहिता येते. ही मुदत वाया घालवू नये.

प्रश्न : माझे यजमान नांदेडला मालवाहू टेम्पो चालवत. त्यांनी 10 लाखांची पॉलिसी घेतली होती. सोळा महिन्यांनी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय 44 होते. कंपनीने दावा नाकारला. पत्रात म्हटले आहे की, चार वर्षांपूर्वी ते मणक्याच्या दुखण्यासाठी पाच दिवस रुग्णालयात होते आणि त्यांना “एक वर्षापासून रक्तदाब” होता, हे फॉर्ममध्ये लिहिले नव्हते. फॉर्म आमच्या गल्लीतील प्रतिनिधींनी भरला होता. मणक्याच्या वेळी तेच त्यांना गाडीतून रुग्णालयात घेऊन गेले होते. आता काही करता येईल का?

उत्तर : ताई, करता येण्यासारखे बरेच आहे, आणि पहिल्या नकारावर आपण थांबू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

कंपनीने दोन कारणे दिली आहेत. त्यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे. मणक्याच्या दुखण्याबाबत आपली बाजू चांगली आहे. 2015 साली महाराष्ट्रातीलच एका कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर जवळपास असाच प्रश्न होता : विमेदाराचा मृत्यू हृदयविकाराने झाला होता आणि त्याने मणक्याचा विकार सांगितला नव्हता. तो विकार जीवघेणा नव्हता आणि त्याचा मृत्यूशी संबंध नव्हता, असे म्हणून न्यायालयाने कुटुंबाला विम्याची रक्कम देण्यास सांगितले. आपल्या अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करा. कलम 45 मध्येही असे म्हटले आहे की, वगळलेली माहिती जोखमीवर थेट परिणाम करणारी असली तरच ती महत्त्वाची मानायची, आणि ती माहिती असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर आहे.

रक्तदाबाचा मुद्दा जास्त कठीण आहे, हे आपल्यापासून लपवणार नाही. रक्तदाबाचा हृदयविकाराशी संबंध उघड आहे. शिवाय लपवलेला आजार आणि मृत्यूचे कारण यांचा संबंध जुळलाच पाहिजे असे नाही, अशा दिशेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दुसऱ्या एका प्रकरणात दिला आहे. परंतु “एक वर्षापासून” ही नोंद कोठून आली ते पाहा. मृत्यूच्या वेळच्या केसपेपरवर ती असेल आणि यजमान त्याच्या सोळा महिने आधी सही करून मोकळे झाले असतील, तर एक वर्षापूर्वी सुरू झालेला रक्तदाब पॉलिसीनंतरचा ठरतो. हा हिशेब तारखा समोर ठेवून कागदावर मांडा. शिवाय केसपेपरवरील अशी एकटी नोंद, तिला औषधांच्या पावत्यांचा, जुन्या चिठ्ठ्यांचा किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या जबाबाचा आधार नसेल, तर पुरावा म्हणून अपुरी आहे, असे ग्राहक आयोगांनी अनेक प्रकरणांत म्हटले आहे. कंपनीने पॉलिसीच्या आधीचे एखादे प्रिस्क्रिप्शन जोडले आहे का, ते लेखी मागा.

प्रतिनिधींचा मुद्दाही आपल्या उपयोगाचा आहे. जो विम्यासाठी ग्राहकाशी बोलणी करतो तो, करार होण्यापुरता, विमा कंपनीचाच प्रतिनिधी मानायचा, असे स्पष्टीकरण कलम 45 मध्ये आहे. आणि जी गोष्ट कंपनीला माहीत होती ती दडवली म्हणून फसवणुकीचा ठपका ठेवता येत नाही. त्यांनी स्वतः आपल्या यजमानांना रुग्णालयात नेले असेल, तर त्यांना ते माहीत होते. विमेदार हयात नसल्यामुळे फसवणूक नव्हती हे दाखवण्याचा भार कायद्याने आपल्यावर येतो, म्हणून त्या प्रतिनिधींनी खरे सांगायची तयारी दाखवली तर त्यांचा जबाब लेखी घ्या. शेजारधर्म म्हणून तरी ते देतील, अशी आशा आहे.

आता क्रम सांगतो. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे आणि त्याची मुदत दोन वर्षांची आहे, परंतु एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. आपल्या बाबतीत मी आधी लोकपालांकडे जाण्यास सांगेन. सर्व मूळ कागद स्वतःजवळ ठेवा, सगळीकडे छायाप्रतीच द्या.

प्रश्न : मी 36 वर्षांची असून पुण्यात खासगी कंपनीत नोकरी करते. 2022 मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली. आता सर्व तपासण्या व्यवस्थित आहेत. दोन कंपन्यांनी माझा टर्म इन्शुरन्सचा प्रस्ताव नाकारला. माझी आई माझ्यावर अवलंबून आहे. माझ्यासारखीला कोणताच विमा नाही का?

उत्तर : आपण आजार न लपवता दोन वेळा अर्ज केलात, याबद्दल मनापासून आदर वाटतो. नकाराची ती पत्रे नीट वाचा. अनेकदा ज्याला आपण नकार समजतो ते “पुढे ढकलले” असते. कर्करोगाच्या बाबतीत कंपन्या उपचार संपल्यानंतर काही वर्षे जाऊ देतात, आणि आजार कोणत्या टप्प्यावर सापडला यावर तो काळ अवलंबून असतो. तोवर हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) अहवाल, उपचारांचा सारांश आणि प्रत्येक फेरतपासणीचे कागद एका फाइलमध्ये तारीखवार लावत राहा. पुढच्या अर्जाच्या वेळी तीच फाइल आपली बाजू मांडेल.

आजही काही गोष्टी आपल्या हाती आहेत. आपल्या नोकरीच्या ठिकाणी समूह मुदत विमा आहे का, ते मनुष्यबळ विभागाला विचारा. समूह विम्यात ठरावीक रकमेपर्यंत प्रत्येकाची वेगळी वैद्यकीय तपासणी होत नाही. नोकरी सुटली की हे संरक्षण जाते, हे मात्र नोकरी बदलताना लक्षात ठेवा. आपला भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर त्याच्याशी जोडलेल्या ईडीएलआय योजनेत, नोकरीत असताना मृत्यू झाल्यास, 7 लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. त्यासाठी आपल्या पगारातून काही कापले जात नाही आणि आरोग्याचा प्रश्नही येत नाही. ई-नामांकन करून त्यात आईचे नाव आहे ना, ते आजच पाहा. याखेरीज बचत खात्यातून वर्षाला 436 रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे : 18 ते 50 वयात नाव नोंदवता येते, 55 पर्यंत चालू ठेवता येते, विमा 2 लाखांचा, आणि वैद्यकीय तपासणी नाही. नोंदणीनंतरचे पहिले 30 दिवस अपघाती मृत्यू वगळता संरक्षण नसते. रक्कम मोठी नाही, पण आपल्या आईच्या दृष्टीने तीही मोलाची आहे.

आपल्या पत्रात “तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ” असाही उल्लेख आहे. तो आरोग्य विम्यातला आहे. रुग्णालयाच्या खर्चाच्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबवता येते. आयुर्विम्यात असा प्रतीक्षा काळ नसतो. आजार सांगून पॉलिसी मिळाली की त्याच आजाराने मृत्यू झाला तरी संरक्षण लागू असते.

प्रश्न : माझी 2017 ची पॉलिसी दोन वर्षांपूर्वी हप्ते थकल्याने बंद पडली. मधल्या काळात अँजिओप्लास्टी झाली. प्रतिनिधी म्हणतात, थकलेले हप्ते व्याजासह भरा, चालू होईल.

उत्तर : पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून, पॉलिसीच्या प्रकारानुसार ठरलेल्या मुदतीत (शेअर बाजाराशी न जोडलेल्या पॉलिसीत सहसा पाच वर्षांपर्यंत), पुनरुज्जीवनाचा अर्ज करता येतो, पण पैसे भरण्याबरोबर आरोग्याचे घोषणापत्रही द्यावे लागते. त्यात अँजिओप्लास्टी लिहिलीच पाहिजे, कारण कलम 45 ची तीन वर्षे पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात. कंपनी तपासण्या सांगेल, वाढीव हप्ता मागेल किंवा नकारही देईल. आपली पॉलिसी बचतीची असेल, तर पेड-अप होऊन, म्हणजे आतापर्यंत भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात विमा कमी होऊन, किती रक्कम शिल्लक आहे ते शाखेतून लेखी घ्या आणि मगच ठरवा.

प्रश्न : जानेवारीत पॉलिसी मिळाली, मार्चमध्ये रक्तदाब निघाला. कंपनीला कळवावे लागेल का?

उत्तर : नाही. पॉलिसी सुरू झाल्यानंतर उद्भवलेला आजार कळवण्याचे बंधन आयुर्विम्यात नसते आणि त्यामुळे हप्ताही वाढत नाही. प्रस्तावपत्रावर सही केल्यापासून कंपनीने प्रस्ताव स्वीकारेपर्यंतच्या दिवसांत काही निदान झाले, तर मात्र ते लगेच कळवावे लागते; तपासणी आधीच झाली आहे, ही सबब तेथे चालत नाही. पुढे विमा रक्कम वाढवली किंवा रायडर घेतला, तर त्या नव्या फॉर्मवर रक्तदाब लिहावा लागेल. मार्चमधील ज्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी पहिल्यांदा रक्तदाब लिहिला, ती तारखेसह पॉलिसीच्या बाँडसोबत ठेवून द्या, आणि ती कोठे ठेवली आहे ते घरी सांगून ठेवा.